बॅटरीचा टक्का आणि लोहाराचा पोरगा

संध्याकाळी सात-साडेसातला काळाचौकीत अभ्युदयनगरच्या आसपास कुठल्याही वडापावच्या गाडीपाशी पाच मिनिटं उभं राहा. इलेक्ट्रिक स्कूटरवरून ऑर्डरी पोचवणारी पोरं तिथे हमखास दिसतील. एक डोळा मोबाइलवर, दुसरा स्कूटरच्या डिस्प्लेवर. समजा, डिस्प्ले २२ टक्के दाखवतोय. आलेली ऑर्डर परळची आहे, त्यापुढची कदाचित दादरची निघेल. घ्यायची की सोडायची? त्या २२वर रात्रीची कमाई ठरते. आणि हा २२चा आकडा कोणी थेट मोजलेला नसतो. तो अंदाज असतो. बऱ्यापैकी हुशार अंदाज, पण अंदाजच.

पेट्रोलच्या टाकीत एक तरंगणारा गोळा असतो, पातळी खाली गेली की तो खाली जातो आणि काटा हलतो. बॅटरीत तरंगायला काहीच नाही. बंद डबा. आत किती लिथियम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला गेलंय हे झाकण उघडून बघायची सोय नाही. बाहेरून कळतं ते व्होल्टेज, करंट आणि तापमान. बस्स.

मग व्होल्टेजवरूनच का नाही सांगत? सांगतात, पण बॅटरी निवांत पडलेली असेल तर. चार्जिंग सुरू असताना व्होल्टेज चढवून बोलतं. सेलच्या आतही थोडा रेझिस्टन्स असतो. तो ५० मिलिओहम धरला आणि ३ अँपिअरने चार्जिंग चाललं असेल, तर ०.१५ व्होल्ट नुसते त्या रेझिस्टन्समुळे जास्त दिसतात. लिथियम-आयन सेलचा सगळा खेळच मुळात साधारण ३ ते ४.२ व्होल्टच्या दरम्यानचा. त्यात ०.१५ म्हणजे भलतीच मोठी थाप! चार्जर काढला की व्होल्टेज खाली येतं, ते याचमुळे. त्यातून काही गाड्यांमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी असते. तिचं व्होल्टेज २० टक्क्यांना आणि ८० टक्क्यांना जवळपास सारखंच, ३.३च्या आगेमागे. त्यावरून काय कप्पाळ ओळखणार?

म्हणून बॅटरीवर नजर ठेवणारी चिप पासबुक भरते. किती अँपिअर करंट किती वेळ आत गेला, किती बाहेर आला, याची सेकंदासेकंदाला नोंद. जमा आणि खर्च. याला कूलोम काउंटिंग म्हणतात. पण हे पासबुक भरवशाचं आहे, हे कशावरून? आत गेलेली वीज आणि आत सरकलेलं लिथियम यांचा हिशेब प्रत्येक वेळी जुळतोच, हे कोणी ठरवलं?

बारावीच्या केमिस्ट्रीत तुम्ही हे दोन मार्कांसाठी पाठ केलेलं आहे. फॅरडेचा नियम. डब्ल्यू बरोबर झेड आय टी. पाठ करताना तो माणूस कोण होता हे मात्र बहुतेक वेळा राहूनच जातं.

मायकेल फॅरडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१चा, लंडनजवळच्या न्यूइंग्टन बट्सचा. वडील जेम्स लोहार. उत्तरेकडचं गाव सोडून पोटासाठी शहरात आलेले, म्हणजे कोकणातून किंवा घाटावरून गिरणगावात आलेल्या आपल्या पणजोबांसारखेच. जेम्सची तब्येत कायम खराब, त्यामुळे कामाचे खाडे फार. पुढे हे कुटुंब घोडागाड्यांच्या तबेल्यावरच्या खोल्यांत राहायला गेलं. १८०१मध्ये धान्य इतकं महागलं, की मायकेलच्या वाट्याला एक पाव यायचा आणि तो त्याला आठवडाभर पुरवावा लागायचा. शाळा म्हणजे लिहिणं, वाचणं आणि जुजबी हिशेब. संपली शाळा.

१८०४मध्ये, तेराव्या वर्षी तो जॉर्ज रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे लागला. काम काय? तर डिलिव्हरीचं. त्या काळी वर्तमानपत्र महाग, सगळ्यांना विकत घेणं परवडायचं नाही. रिबो ते भाड्याने द्यायचा. मायकेलने पेपर एका घरी पोचवायचा, त्यांचा वाचून झाला की परत आणायचा आणि पुढच्या घरी न्यायचा. वर्षभर पोराने नेटाने काम केलं. रिबोने मग त्याला बुकबाइंडिंग शिकायला ठेवून घेतलं, सात वर्षांसाठी. असं शिकायला ठेवताना मालकाला पैसे भरायची पद्धत होती. रिबोने या पोराकडून ते घेतले नाहीत. फॅरडेच्या चरित्रात मोठमोठे शास्त्रज्ञ येतात, पण मला विचाराल तर पहिला नंबर या दुकानदाराचा. पोरगा बांधायला आलेली पुस्तकं वाचत बसतो हे त्याला दिसत होतं, आणि त्याने कधी ओरडा केला नाही.

बांधायला आलेल्या एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकाच्या खंडात विजेवरचा लेख सापडला. मग जेन मार्सेट या बाईंचं रसायनशास्त्रावरचं, संवादाच्या रूपात लिहिलेलं पुस्तक हाती आलं. त्यावर लेखिकेचं नावसुद्धा छापलेलं नव्हतं. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या पोराला केमिस्ट्री समजली ती या पुस्तकामुळे. वाचलेलं खरं आहे का, हे तो करून बघायचा. १८१०पासून टेटम नावाच्या गृहस्थाच्या घरी विज्ञानावरची व्याख्यानं ऐकायला जाऊ लागला. फी एक शिलिंग. ती द्यायचा मोठा भाऊ रॉबर्ट, तोही लोहारच.

जुलै १८१२मध्ये मायकेलने स्वतः बॅटरी बनवली. जस्ताच्या सात चकत्या, तांब्याची सात नाणी, आणि मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागदाचे सहा तुकडे. नाणी म्हणजे हाफपेनी, आपल्याकडच्या जुन्या पैशासारखी. या एवढ्याशा चवडीने त्याने मॅग्नेशियम सल्फेटच्या द्रावणाचं विघटन करून दाखवलं. वय वीस. विजेने पदार्थ फुटतो, हे त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिलं. किती विजेने किती फुटतो, हा प्रश्न सुटायला अजून वीसेक वर्षं होती.

त्याच वर्षी दुकानाच्या एका गिऱ्हाइकाने त्याला रॉयल इन्स्टिट्यूशनमधल्या हम्फ्री डेव्हीच्या चार व्याख्यानांची तिकिटं दिली. डेव्ही म्हणजे तेव्हाचा सुपरस्टार. मायकेलने सगळ्या नोट्स उतरवल्या, आकृत्या काढल्या, सुरेख बाइंडिंग केलं (हातातली कला कामाला आली) आणि डेव्हीला पाठवून दिल्या. नोकरी लगेच मिळाली नाही. काही आठवड्यांनी प्रयोगशाळेतला मदतनीस हाणामारी करून कामावरून गेला आणि डेव्हीला या पोराची आठवण झाली. १ मार्च १८१३, आठवड्याला २५ शिलिंग, राहायला इमारतीच्या माळ्यावर दोन खोल्या.

पुढचं सगळं गोडगोड नाही. डेव्ही दीड वर्षाच्या युरोप दौऱ्यावर निघाला, तेव्हा त्याचा नोकर ऐन वेळी यायला तयार झाला नाही आणि ते कामही फॅरडेच्या गळ्यात पडलं. डेव्हीची बायको त्याला नोकरासारखीच वागवायची, वैतागून परत जावं असं त्याच्या मनात येऊन गेलं. पण याच दौऱ्यात, १८१४मध्ये मिलानला, त्याला म्हातारा व्होल्टा भेटला. ज्याच्या बॅटरीची नक्कल त्याने नाण्यांनी केली होती, तोच. पुढे १८२१मध्ये फॅरडेने चुंबकाभोवती तार विजेवर गोल फिरवून दाखवली, म्हणजे मोटरची पहिली पायरी. लगेच कुजबुज सुरू झाली, की याने वोलॅस्टन या बड्या शास्त्रज्ञाची कल्पना ढापली. १८२४मध्ये रॉयल सोसायटीने त्याला सदस्य करून घेतलं. अध्यक्ष डेव्हीचा त्याला विरोध होता! शिष्य पुढे निघाला की गुरूला काय होतं, यावर स्वतंत्र लेख होईल.

२९ ऑगस्ट १८३१चा शोध तुम्हाला माहीत असतो. लोखंडी कड्यावर दोन वेटोळी, एकात वीज सुरू-बंद केली की दुसऱ्यात क्षणभर वीज. जनरेटर, ट्रान्सफॉर्मर सगळं तिथून आलं. १९१५मध्ये टाटांची खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांत पोचली, तीही याच तत्त्वावर बनलेली. हा शोध इतका मोठा, की त्याच्या सावलीत पुढच्या तीन वर्षांचं काम झाकलं गेलं. बॅटरीच्या टक्क्यासाठी आपल्याला हवं आहे ते नेमकं हेच झाकलेलं काम.

काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो. जानेवारी १८३२मध्ये मुंबईत बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ सुरू केलं. पुढे १८४०मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढलं आणि विज्ञानाचे विषय मराठीत आणले. लंडनला फॅरडेच्या टेबलावर काचेच्या नळ्या उभ्या होत्या, त्या याच दिवसांत.

अडचण अशी होती, की वीज मोजायची कशात? अँपिअर, व्होल्ट ही एककं तेव्हा ठरलेलीच नव्हती. एकजण म्हणे माझी बॅटरी जोरदार, दुसरा म्हणे माझी. फॅरडेने काय केलं, किंचित आम्ल घातलेल्या पाण्यात प्लॅटिनमच्या दोन पट्ट्या सोडल्या आणि वर खुणा केलेली नळी पालथी घातली. वीज सोडली की पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन सुटतात आणि नळीत जमतात. नळीत किती वायू जमला ते वाचा, म्हणजे एकूण किती वीज गेली ते कळेल. पट्ट्या लहान घेतल्या, मोठ्या घेतल्या, आम्ल कमी-जास्त केलं. एकाच मार्गातून तेवढीच वीज गेली, तर वायू तेवढाच.

पण हिशेबात एक भोक निघालं. वीज बंद करून नळी तशीच ठेवली, तर जमलेला वायू हळूहळू कमी व्हायचा! कोणी तरी चोरून नेल्यासारखा. नळी गळते म्हणून विषय सोडून देता आला असता, किंवा झटपट आकडा वाचून पुढे जाता आलं असतं. फॅरडेने मूळ काम बाजूला ठेवलं आणि त्या हरवलेल्या वायूच्या मागे लागला. १८३३च्या शेवटापर्यंत उत्तर हाती आलं. स्वच्छ झालेल्या प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर हायड्रोजन आणि ऑक्सिजन परत एकमेकांना भेटतात आणि त्यांचं पाणी होतं. त्यासाठी विजेचीही गरज नाही, प्लॅटिनम नीट घासून-धुऊन स्वच्छ केलं तरी पुरतं. आज याला आपण उत्प्रेरक म्हणतो. म्हणजे वीज आपलं काम चोख करत होती, फक्त झालेलं काम नंतर कोपऱ्यात बसून उलटं फिरत होतं. मग त्याने वायू जमतो ती जागा पट्ट्यांपासून लांब ठेवली, आणि हिशेब जुळला.

या मोजमापाच्या जोडीला त्याने वेगवेगळे पदार्थ एकामागोमाग जोडून तीच वीज सगळ्यांतून नेली. वजनाने १ भाग हायड्रोजन सोडवणारी वीज ८ भाग ऑक्सिजन सोडवते, ३६ भाग क्लोरीन, ५८ भाग कथील, १०४ भाग शिसं. हे त्याचे आकडे. आजच्या आकड्यांच्या किती जवळचे आहेत, हे पुस्तक काढून पडताळून बघा. विजेचा प्रत्येक थेंब ठरलेल्या वजनाचंच काम करतो, ना कमी ना जास्त. गिलीट करणारा कारागीर दागिन्यावर किती चांदी चढेल हे याच नियमाने काढतो.

नवीन गोष्टींना नावंही नव्हती. फॅरडेने केंब्रिजच्या विल्यम ह्यूएल या विद्वानाला विचारलं आणि १८३४मध्ये अॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द आले. तुमच्या बॅटरीच्या नावातलं ‘आयन’ ते हेच.

आता परत स्कूटरकडे. एक अँपिअर करंट एक तास चालला, की लिथियम किती सरकतं? फॅरडेच्या हिशेबाने पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त, ०.२६ ग्रॅम. मोबाइलच्या ५००० मिलिअँपिअर-अवर बॅटरीत शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज करताना साधारण १.३ ग्रॅम लिथियम इकडून तिकडे जातं. चिमूटभर. दिवसभराचं रील स्क्रोलिंग, कॉल, नकाशे, सगळं त्या चिमटीच्या येण्याजाण्यावर.

आणि हे पासबुक लिथियम-आयनमध्ये इतकं छान चालतं, कारण तिथे विजेची गळती फार थोडी. आत घातलेल्या जवळपास प्रत्येक कूलोमला लिथियमचा हिशेब लागतो. रिक्षा-गाड्यांतल्या जुन्या लेड-अॅसिड बॅटरीत तसं नाही. ती भरत आली, की थोडी वीज पाणी फोडण्यातच जाते. बुडबुडे येतात, पाणी कमी होतं. नियम तिथेही मोडत नाही, वीज दुसऱ्याच कामाला लागते एवढंच. फॅरडेच्या नळीत झालेलं काम उलटं फिरत होतं, इथे वीज भलतीकडे जाते. हिशेबनीसाची डोकेदुखी मात्र दोन्हीकडे सारखीच.

पासबुकात चुका होतातच. करंट मोजणारा सेन्सर १० मिलिअँपिअरने चुकत असेल, तर ५ अँपिअर-अवरच्या बॅटरीत एका दिवसात जवळपास ५ टक्क्यांची तफावत पडते, कारण चूक तासातासाला साठत जाते. बॅटरी म्हातारी झाली, की तिची एकूण क्षमताच घटते. वरचा आकडा बरोबर, पण ज्याने भागायचं तोच बदललेला. दर चार्जिंगला लिथियमचा बारीकसा अंश इलेक्ट्रोडवरच्या थरात कायमचा अडकतो, तो परत येत नाही. म्हणून चिप अधूनमधून ताळा करते. बॅटरी निवांत असताना व्होल्टेज बघते, पूर्ण चार्ज झाली की १००वर मोहोर मारते, आणि रुडॉल्फ काल्मान या गणितज्ञाच्या १९६०मधल्या पद्धतीसारख्या पद्धतीने दोन अर्धवट भरवशाच्या साक्षीदारांचं म्हणणं तोलून एक आकडा ठरवते. फॉस्फेटवाल्या बॅटरीची गाडी मधूनमधून पूर्ण चार्ज करा असं सांगतात, ते याच ताळ्यासाठी. आणि शेवटचे टक्के रेंगाळतात, कारण सेल ४.२ व्होल्टच्या आसपास पोचला की चार्जर व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू उतरत जातो. मोजणी चालूच असते, पण जमा होणारी रक्कम आटत जाते.

फॅरडेला गणित जवळजवळ येत नव्हतं. त्याच्या कल्पनांना समीकरणं मॅक्सवेलने दिली, ती पुढे. त्याच्याकडे होती ती मोजायची आणि टिपून ठेवायची सवय. १८४०च्या आसपास त्याची तब्येत ढासळली. चक्कर यायची आणि गोष्टी आठवेनाशा झाल्या. आदल्या आठवड्यात काय केलं हेही लक्षात राहीना. काही वर्षं काम जवळपास थांबलं. तोवर वहीतल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक देण्याची पद्धत त्याने लावून घेतली होती, तीच आता कामी आली. अमुक प्रयोग आपण केलाय का, हे डोक्याला न विचारता वहीला विचारायचं. अशा अवस्थेत १८४५मध्ये त्याने चुंबकाचा प्रकाशावर परिणाम होतो हे शोधलं.

‘सर’की नाकारली. रॉयल सोसायटीचं अध्यक्षपद नाकारलं. क्रिमियन युद्धात विषारी वायूबद्दल सरकारने सल्ला मागितला, तेव्हा त्यात हात घालायला तो तयार झाला नाही. ख्रिसमसच्या सुट्टीत लहान मुलांसाठी व्याख्यानं मात्र देत राहिला. मेणबत्ती या एकाच विषयावरची त्याची व्याख्यानं पुस्तकरूपात आजही वाचली जातात. मूलबाळ नव्हतं, बायको साराने त्याला शेवटपर्यंत सांभाळलं. राणीने दिलेल्या हॅम्प्टन कोर्टच्या घरात २५ ऑगस्ट १८६७ला, खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. पुरलं हायगेटच्या साध्या दफनभूमीत, दगडावर नाव आणि तारखा.

वहीतली शेवटची नोंद १२ मार्च १८६२ची आहे. क्रमांक १६,०४१. चुंबकाने ज्योतीच्या प्रकाशाच्या वर्णपटातल्या रेषा सरकतात का, हे त्याने त्या दिवशी पाहिलं. काहीही फरक दिसला नाही, तेवढं त्याने लिहून ठेवलं. १८९६मध्ये हॉलंडच्या पीटर झीमनने तोच प्रयोग जास्त चांगली उपकरणं घेऊन केला, तेव्हा फरक दिसला.